कोड फुकट असतो, पैसे दुसरीकडून जातात

टीव्हीवर नवं ॲप उघडलं की पडद्यावर सहा-आठ अक्षरांचा एक कोड येतो. शेजारी वेबसाइटचा पत्ता किंवा क्यूआर असतो. फोनवर तो पत्ता उघडायचा, आपल्या खात्यात लॉगिन करायचं, कोड टाकायचा, की टीव्ही चालू. या कोडचे पैसे नसतात. यूट्यूबला नसतात, नेटफ्लिक्सला नसतात, प्राइम व्हिडिओला नसतात, जिओहॉटस्टारलाही नसतात. ‘ॲक्टिव्हेशन फी’, ‘डिव्हाइस रजिस्ट्रेशन’, ‘टीव्हीचं लायसन्स’ अशा नावाने कोणी रक्कम सांगू लागला, तर तो कंपनीचा माणूस नाही असं खुशाल समजावं.

टीव्ही बसवायला आलेला मुलगा ॲप लावून देण्याचे दोनशे-तीनशे मागतो, ती गोष्ट वेगळी. ती त्याची मजुरी आहे. घरातल्या कोणाला हे जमत असेल तर देण्याचं कारण नाही, जमत नसेल तर देण्यात कमीपणाही नाही. मात्र ‘हे कंपनीला भरावे लागतात’ असं तो म्हणाला, की पावती मागायची. पावती निघणार नाही.

पैसे खरे जातात ते टीव्हीवर न चालणाऱ्या प्लॅनमधून, विसरलेल्या ऑटोपेमधून, पोराने रिमोटवर दाबलेल्या एका बटणातून, आणि कधी कधी हेल्पलाइन समजून लावलेल्या एका फोनमधून. हा सगळा हिशेब एकदा नीट मांडू.

कोड येतो कुठून

रिमोटने पासवर्ड टाकून पाहिलेल्या माणसाला कोडची गरज समजावून सांगावी लागत नाही. बाण सात वेळा उजवीकडे, दोनदा खाली, ओके. एक अक्षर झालं. कॅपिटल अक्षरासाठी वेगळी चौकट, आकड्यांसाठी तिसरी, आणि हे चालू असताना सोफ्यावरचे चार जण तुमचा पासवर्ड मोठ्याने वाचताहेत. यावर उपाय म्हणून निघालेली पद्धत ऑगस्ट २०१९मध्ये ‘आरएफसी ८६२८’ या क्रमांकाने इंटरनेटचं मानक म्हणून प्रसिद्ध झाली. टीव्ही ॲपच्या कंपनीच्या सर्व्हरकडून दोन कोड घेतो. छोटा तुम्हाला दाखवतो, लांबलचक स्वतःकडे ठेवतो. मग दर काही सेकंदांनी सर्व्हरला विचारत राहतो, मान्यता मिळाली का? वेगळं काही ठरलं नसेल तर मानकाप्रमाणे हे अंतर पाच सेकंदांचं. तुम्ही फोनवर ‘अलाउ’ दाबलंत की पुढच्या फेरीत टीव्हीला परवानगी मिळते. तुमचा पासवर्ड टीव्हीपर्यंत जातच नाही.

कोड विचित्र दिसतो त्यालाही कारण आहे. कोडमध्ये इंग्रजी स्वर वापरू नयेत असं या मानकात सुचवलेलं आहे, म्हणजे अक्षरं कशीही जुळली तरी त्यातून चुकून एखादा भलताच शब्द तयार होत नाही. कोडला मुदतही असते. गूगलने ठरवलेली साधारण अर्ध्या तासाची आहे. मुदत संपली की तोच कोड पुन्हा पुन्हा टाकत बसण्यात अर्थ नाही; ॲप बंद करून उघडायचं, नवा कोड घ्यायचा.

या रचनेत एक सोय दडलेली आहे, ती फार कमी लोक वापरतात. कोड टाकणारा फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर असण्याची गरज नाही, एकाच गावातही असण्याची नाही. सांगलीतल्या आईने पडद्यावरची अक्षरं फोनवर वाचून दाखवली, तर पुण्यातली लेक आपल्या लॅपटॉपवर कोड टाकून तो टीव्ही चालू करून देऊ शकते. (फोनवरचं चित्र टीव्हीवर ‘कास्ट’ करायचं असेल तर मात्र दोघांना एकच वायफाय लागतं. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते.)

याच सोयीची उलटी बाजू धोक्याची आहे. दुसऱ्याच्या टीव्हीवरचा कोड तुमच्या फोनवर टाकलात तर त्याचा टीव्ही तुमच्या खात्यात शिरतो. म्हणून व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर कोणी अनोळखी माणूस ‘हा कोड जरा तुमच्याकडे टाकून बघा’ म्हणाला, तर तो तुमच्या खात्याची किल्ली मागतो आहे. स्वतःच्या डोळ्यांनी पडद्यावर पाहिलेला कोड किंवा घरच्या माणसाने वाचून दाखवलेला कोड, एवढेच टाकायचे.

हेल्पलाइन शोधू नका

फसवणूक बहुतेक वेळा एका बारीकशा चुकीतून सुरू होते. पडद्यावर पत्ता दिसतो, समजा ‘यूट्यूब डॉट कॉम स्लॅश ॲक्टिव्हेट’. फोनच्या ब्राउझरमध्ये पत्ता टाकायची आणि शोध घ्यायची पट्टी एकच असते. टाइप करताना मध्ये एक स्पेस पडली किंवा डॉट राहिला, की तो पत्ता राहत नाही, शोध होतो. शोधाच्या उत्तरात सगळ्यात वर जे दिसतं ते खरंच असेल असं नाही. तिथे जाहिरात असू शकते, आणि ‘ॲक्टिव्हेट’ शब्द नावात घालून तयार केलेली नकली साइटही. तिथे कोड टाकला की ‘एरर’ येतो आणि खाली ठळक अक्षरांत एक फोन नंबर.

त्या नंबरवरचा माणूस फार नम्र असतो. ‘सर, तुमचा डिव्हाइस आमच्या सिस्टीममध्ये ब्लॉक दिसतोय. काळजी करू नका, मी लाइनवर आहे.’ मग तो स्क्रीन शेअर करणारं एखादं ॲप टाकायला सांगतो, त्यातला नऊ-दहा आकड्यांचा क्रमांक विचारतो, आणि ‘फक्त व्हेरिफिकेशनसाठी’ पाच-दहा रुपये भरायला लावतो. त्या दहा रुपयांसाठी तुम्ही यूपीआय पिन किंवा कार्डचे तपशील टाकता तेव्हा तो तुमचा पडदा पाहत असतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९मध्ये ‘एनीडेस्क’चं नाव घेऊन बँकांना याच प्रकाराबद्दल सावध केलं होतं. ॲप स्वतः वाईट नाही, ऑफिसांमधून ते रोज वापरलं जातं. अनोळखी माणसाच्या हाती पडलं की वाईट.

अमेरिकेत असाच धंदा ‘रोकू’ या टीव्हीला जोडायच्या उपकरणाच्या नावावर जोरात चालला. ॲक्टिव्हेशनचे पैसे आम्ही घेत नाही, असं रोकूला स्वतःच्या मदतपानावर सांगावं लागलं. न्यू जर्सीत किंवा डॅलसला मुलाकडे राहायला गेलेल्या आईवडिलांनी हे माहीत असू द्यावं, कारण तिथे दुपारी घरी ती दोघंच असतात आणि फोनवरचा माणूस हिंदीतही बोलतो.

काय करायचं ते सोपं आहे. क्यूआर असेल तर तो टीव्हीच्या पडद्यावरूनच स्कॅन करायचा आणि उघडलेल्या पानाचा पत्ता वरच्या पट्टीत वाचून घ्यायचा. नेटफ्लिक्सचा कोड ‘नेटफ्लिक्स डॉट कॉम स्लॅश टीव्ही८’ इथे जातो, प्राइम व्हिडिओचा ‘प्राइमव्हिडिओ डॉट कॉम स्लॅश मायटीव्ही’ इथे. पत्त्यात कंपनीचं नाव लगेच ‘डॉट कॉम’च्या आधी आलं पाहिजे. मध्ये ‘हेल्प’, ‘टीव्ही-ॲक्टिव्हेट’, ‘सपोर्ट’ असलं काही चिकटलेलं दिसलं तर पान बंद. मदत लागली तर ती ॲपच्या आतल्या ‘हेल्प’मधून घ्यायची, गूगलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधायचा नाही.

खोका: घ्यायचाच का?

टीव्ही स्मार्ट असेल आणि तुम्हाला हवी ती ॲप त्यात चालत असतील, तर टीव्हीला जोडायची वेगळी स्टिक घेण्याची गरज नाही. स्टिक लागते ती दोन प्रसंगी. एक, टीव्ही साधा आहे पण त्याला एचडीएमआयचं भोक आहे. दोन, टीव्ही स्मार्ट आहे पण सात-आठ वर्षं जुना, आणि ॲप एकेक करून ‘हे उपकरण आता चालणार नाही’ म्हणू लागली आहेत. अशा वेळी दुकानदार नवा टीव्ही दाखवतो. चित्र चांगलं असेल तर टीव्ही ठेवा आणि स्टिक घ्या.

अमेझॉनची फायर टीव्ही स्टिक भारतात एप्रिल २०१७मध्ये ३,९९९ रुपयांना आली. शाओमीची ४के स्टिक फेब्रुवारी २०२३मध्ये ४,९९९ला आली. आजही अंदाज साधारण त्याच पट्ट्यातला ठेवावा, सेलमध्ये त्याहून खाली. गूगलचा क्रोमकास्ट ऑगस्ट २०२४मध्ये कंपनीने बंद केला. दुकानात कुठे धूळ खात पडलेला स्वस्तात मिळाला तरी विचार करून घ्या. फायर स्टिकला अमेझॉनचं खातं लागतं, पण प्राइमची वर्गणी लागत नाही. ‘स्टिक घेतलीत म्हणजे प्राइम घ्यावंच लागेल’ हे दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य खोटं आहे.

दोन-अडीच हजारांत ‘सगळे चॅनेल, सगळी ओटीटी आयुष्यभर मोफत’ असा बिनब्रँडचा अँड्रॉइड बॉक्स मिळतो. तो घेऊ नये, आणि कारण फक्त चोरीच्या मालाचं नाही. जून २०२५मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’बद्दल इशारा दिला: अशा स्वस्त खोक्यांपैकी काहींमध्ये कारखान्यातूनच किंवा पहिल्या ॲपबरोबर घातक सॉफ्टवेअर येतं आणि तुमच्या घरचं इंटरनेट दुसऱ्यांच्या गुन्ह्यांसाठी वापरलं जातं. शिवाय ‘वाइडवाइन एल१’ हे प्रमाणपत्र नसलेल्या खोक्यावर नेटफ्लिक्स किंवा प्राइम चाललंच तर धूसर चालतं. ४केचे पैसे भरायचे आणि चित्र जुन्या केबलसारखं पाहायचं, असा तो व्यवहार आहे.

स्टिक सोबतच्या ॲडॉप्टरवर लावा. टीव्हीच्या यूएसबीवर ती चालते, मग मध्येच बंद पडते, आणि लोक ॲपला दोष देत बसतात.

प्लॅन टीव्हीवर चालतो का?

तक्रारींत सर्वांत जास्त ऐकू येतं ते हे: ‘पैसे भरले, कोडही लागला, पण टीव्हीवर चित्रच येत नाही.’ बहुतेक वेळा घेतलेला प्लॅन मोबाइलपुरता असतो.

नेटफ्लिक्सने डिसेंबर २०२१मध्ये भारतातले दर उतरवले. त्यानंतर मोबाइल प्लॅन महिना १४९, बेसिक १९९, स्टँडर्ड ४९९, प्रीमियम ६४९. यातला १४९वाला फोन-टॅबलेटपुरता. टीव्हीवर तो नाहीच. म्हणजे टीव्हीचं दार पन्नास रुपये जास्त देऊन उघडतं. बेसिकवर एका वेळी एकच पडदा, स्टँडर्डवर दोन, प्रीमियमवर चार. दोघांच्या घराला बेसिक पुष्कळ होतो.

जिओहॉटस्टार १४ फेब्रुवारी २०२५ला सुरू झालं तेव्हा मोबाइल प्लॅन वर्षाला ४९९, सुपर ८९९ आणि प्रीमियम १,४९९ रुपये होता. दर बदलत राहतात, विकत घेताना ॲपमधलाच आकडा खरा मानावा. पण मोबाइलवाला प्लॅन टीव्हीवर चालत नाही हे लक्षात ठेवण्यासारखं. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी दोन्ही आता इथेच, त्यामुळे मराठी घरात ही वर्गणी बहुधा पहिली घेतली जाते. झी मराठीसाठी झी५, सोनी मराठीसाठी सोनीलिव्ह. या दोघांकडेही मोबाइलपुरते प्लॅन असू शकतात. ‘टीव्ही’ हा शब्द प्लॅनच्या वर्णनात दिसल्याशिवाय पैसे भरू नका.

रिचार्जबरोबर ‘जिओहॉटस्टार मोफत’ मिळालं असेल तरी हाच प्रश्न. काही पॅकमध्ये टीव्ही असतो, पुष्कळांत फक्त मोबाइल. पॅकच्या तपशिलात ‘मोबाइल’ लिहिलंय की ‘मोबाइल/टीव्ही’, एवढं एक वाक्य वाचायचं असतं.

अमेझॉन प्राइमचं वर्ष १,४९९ रुपयांना, महिना २९९ला. दर महिन्याला भरत राहिलात तर वर्षाचे ३,५८८ होतात, दुपटीहून जास्त. ३९९ रुपयांची ‘प्राइम शॉपिंग एडिशन’ आहे, तिच्यात व्हिडिओ नाहीच. स्वस्त पाहून ती घेणारे आणि मग टीव्हीवर कोड टाकत बसणारे लोक आहेत. जून २०२५पासून प्राइम व्हिडिओवर भारतातही जाहिराती लागतात. त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९. जानेवारी २०२५पासून एका खात्यावर जास्तीत जास्त पाच उपकरणं आणि त्यातले टीव्ही दोनच, असाही नियम आहे. दिवाणखान्यातला एक, गावच्या घरातला एक, की संपलं. मेव्हण्याकडच्या टीव्हीवर कधीकाळी केलेलं लॉगिन इथे आडवं येतं.

यूट्यूब टीव्हीवर फुकट आहे. जाहिराती टाळायच्या असतील तर प्रीमियम महिना १४९, कुटुंबाचा २९९. हे ऑगस्ट २०२४मध्ये वाढलेले दर. आयफोनवरच्या ॲपमधून घेतलं तर ते महाग पडतं, तेच ब्राउझरमधून घ्या. आणि फुकटात काही पाहायचं असेल तर प्रसार भारतीचं ‘वेव्ह्ज’ आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये गोव्यात इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या उद्घाटनाला त्याची सुरुवात झाली. दूरदर्शनच्या जुन्या मालिका पाहणाऱ्यांनी एकदा उघडून पाहावं.

आता एक मध्यम घर धरू: जिओहॉटस्टार सुपर सुरुवातीच्या दराने ८९९, प्राइम १,४९९, नेटफ्लिक्स बेसिक वर्षाचे २,३८८. बेरीज ४,७८६, म्हणजे महिना साधारण ४००. प्राइमच्या जाहिराती काढल्या तर ५,४८५. यात ब्रॉडबँड नाही. माझ्या मते तिन्ही एकदम चालू ठेवायची गरज नसते. नेटफ्लिक्स महिन्याच्या हिशेबाने मिळतं. पाहायचं असेल तो महिना घ्या, मग बंद करा. आयपीएल संपल्यावर जिओहॉटस्टार कोण उघडतं, हेही प्रामाणिकपणे पाहावं. घरात सासूबाईंची मालिका असेल तर मात्र तो प्रश्न विचारू नये.

ब्रॉडबँड नाही आणि फोनच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवता? नेटफ्लिक्सच्याच आकड्यांप्रमाणे एचडीला तासाला तीन जीबीपर्यंत डेटा जातो, ४केला सातपर्यंत, साध्या दर्जाला एकपर्यंत. रोजच्या दोन जीबीत एचडी सिनेमाचा मध्यंतरही होणार नाही. ॲपच्या सेटिंगमध्ये दर्जा उतरवा, नाहीतर वर डेटा पॅक घेत बसावं लागेल.

ओटीपी कोणाच्या फोनवर?

जिओहॉटस्टारसारख्या ॲपला पासवर्ड नसतो. मोबाइल नंबर टाकायचा, त्यावर आलेला ओटीपी द्यायचा. ऐकायला सोपं. पण खातं मुलाच्या नंबरवर, मुलगा बंगळुरूला मीटिंगमध्ये, आणि मॅच सुरू झालेली. तीस सेकंदांनी ‘ओटीपी पुन्हा पाठवा’, पुन्हा ओटीपी, पुन्हा मुदत संपली. खातं उघडताना नंबर तोच द्यावा जो टीव्हीसमोर बसणाऱ्या माणसाच्या हातात असतो. मुलाने पैसे भरायला हरकत नाही, नंबर बाबांचा असू दे.

ब्रॉडबँडबरोबर आलेल्या ओटीटीत आणखी एक मेख आहे. ती वर्गणी ब्रॉडबँडच्या नोंदणीकृत नंबरशी बांधलेली असते, आणि पुष्कळदा ती आपोआप सुरू होत नाही. कंपनीच्या ॲपमध्ये जाऊन ‘ॲक्टिव्हेट’ दाबावं लागतं. कनेक्शन घरमालकाच्या नावावर असेल तर ओटीपी घरमालकाला जातो. पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या मुलामुलींनी कनेक्शन घेतानाच नंबर आपला लावून घ्यावा. काही बंडलमध्ये वेगळ्या ॲपवर लॉगिन होतच नाही. त्या कंपनीच्या एकाच ॲपच्या आतून सगळं पाहायचं असतं. झी५ उघडून ‘माझी वर्गणी दिसत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हे तपासावं.

जुनं सिम बंद पडू देताना सावध. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरला नाही तर बंद होऊ शकतो, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्या कोणाला मिळतो. ओटीपीवर चालणारं तुमचं खातं त्याच्याबरोबर जातं. सिम टाकून देण्याआधी खात्यातला नंबर बदला.

एकदा दिलं, दर महिन्याला जातं

ट्रायलसाठी एक-दोन रुपये भरताना तुम्ही खरं तर ऑटोपेला मान्यता देत असता. यूपीआयच्या त्या पडद्यावर रक्कम एक रुपया दिसते आणि खाली बारीक अक्षरांत ‘अपटू’ म्हणून दुसरा, मोठा आकडा. तो वाचायचा. पिन पहिल्यांदाच मागितला जातो. ठरलेल्या मर्यादेपर्यंत पुढचे हप्ते पिनशिवाय जातात. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर २०२१पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला कळवावं लागतं. तो मेसेज येतो. आपण तो जाहिरातींच्या ढिगात न वाचता पुसतो.

ॲप डिलीट केल्याने वर्गणी थांबत नाही. टीव्ही विकल्यानेही नाही. यूपीआयने भरत असाल तर फोनपे, गूगलपे किंवा भीमच्या ‘ऑटोपे’ विभागात जाऊन ती रद्द करा. कार्ड असेल तर बँकेच्या ॲपमध्ये. गूगल प्ले किंवा ॲपलमधून घेतली असेल तर तिथल्या ‘सबस्क्रिप्शन्स’मध्ये. रद्द केली तरी भरलेल्या मुदतीपर्यंत बहुधा पाहता येतं, त्यामुळे घेतल्या दिवशीच ऑटोपे बंद करून टाकण्यात नुकसान नाही. मी तेच सुचवेन. ‘रद्द करा’चं बटण पाच पडद्यांच्या मागे दडवणं हा नुसता आगाऊपणा नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२३च्या मार्गदर्शक सूचनांत ज्या तेरा लबाड्यांची नावं आहेत, त्यात ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ आहे.

रिमोट मुलांच्या हातात असतो. प्राइम व्हिडिओवर एप्रिल २०२२पासून सिनेमे भाड्यानेही मिळतात, आणि ते प्राइम असलं तरी वेगळे पैसे घेतात. एक ‘ओके’ दाबलं की भाडं लागलं. मग ३० दिवसांत सुरू करायचं आणि सुरू केल्यावर ४८ तासांत संपवायचं. खरेदीसाठी पिन लावायची सोय सेटिंगमध्ये असते. स्टिक लावली त्याच दिवशी ती चालू करा.

कोड लागत नसेल, आणि बाहेर पडताना

कोड बरोबर असूनही लॉगिन होत नसेल तर आधी टीव्हीची तारीख-वेळ पाहा. वीज जाऊन आल्यावर काही टीव्ही भलतंच वर्ष दाखवतात, आणि घड्याळ चुकलं की सुरक्षित जोडणी नाकारली जाते. मग ॲपचा अपडेट, मग टीव्ही मिनिटभर प्लगपासून काढून पुन्हा लावणं. फोनवर दोन जीमेल खाती असतील तर कोड नकळत दुसऱ्याच खात्यात जातो. टीव्हीवर अनोळखी व्हिडिओ सुचवले जाऊ लागले की तेच झालं असं समजा. नेटफ्लिक्स ‘हा टीव्ही तुमच्या घरचा नाही’ म्हणत असेल तर ते बिघाड नव्हे, जुलै २०२३पासूनचा भारतातला नियम आहे: एक खातं, एक घर. प्रवासात असाल तर खात्याच्या ईमेलवर किंवा फोनवर तात्पुरता कोड मागवता येतो.

गोव्यात सुट्टीसाठी घेतलेल्या भाड्याच्या घरात रात्री टीव्हीवर लॉगिन करायचं आणि सकाळी टॅक्सीच्या घाईत तसंच निघायचं, हे सर्रास चालतं. पुढचा पाहुणा तुमच्या खात्यावर, तुमच्या शोधांच्या यादीसकट बसतो. परत गेल्यावर फोनवरूनही हे आवरता येतं. नेटफ्लिक्समध्ये ‘मॅनेज ॲक्सेस अँड डिव्हायसेस’, गूगल खात्यात ‘सिक्युरिटी’खाली उपकरणांची यादी, अमेझॉनमध्ये नोंदवलेली उपकरणं, तिथून तो टीव्ही काढून टाकायचा. टीव्ही विकताना मात्र फॅक्टरी रीसेटच.

पैसे गेले तर

फसवणूक असेल तर १९३० हा नंबर, आणि तो त्याच मिनिटाला. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, बँकेला वेगळी. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकाप्रमाणे तुमची चूक नसताना तिसऱ्याच कोणामुळे पैसे गेले आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमचा नाही. ओटीपी किंवा पिन तुम्हीच दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा तुमचा आणि कळवल्यानंतरचा बँकेचा. म्हणून दुपारी लक्षात आलं आणि ‘संध्याकाळी मुलगा आल्यावर बघू’ म्हटलं, तर त्या चार-पाच तासांत जे जाईल ते परत मिळणं कठीण.

कंपनीनेच चुकीचे कापले असतील तर आधी ॲपमधून लेखी तक्रार, तिचा क्रमांक जपून ठेवायचा, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईत असो की गुरुग्रामला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. सोबत जोडायला प्लॅन घेतानाचा स्क्रीनशॉट, पैसे कापल्याचा मेसेज, बँकेच्या खात्याचा उतारा आणि कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक लागतो. स्क्रीनशॉट प्लॅन घेतानाच काढून ठेवा, कारण पुढे दर बदलले की ते पान बदलतं.